आधी नाव, मग हुकूम

हुकूम कसा द्यायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही! हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी भलता समज करून घेऊ नये.

पंचेचाळीस वर्षं झाली मला या वस्तीवर नांदायला येऊन. दोन दिरांची लग्नं, तीन नणंदांची बाळंतपणं, चौदा म्हशी, एक ट्रॅक्टर आणि धाकट्या दिराची पाच वर्षांची सरपंचकी, सगळं या साखरबाईच्या तोंडावर चाललं. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण मी ओट्यावरून हाक मारली की हायवेवरची एसटी ब्रेक मारते, असं आमची शेजारीण सोजरबाई म्हणते. ती हे कौतुकानं म्हणते की कशानं, ते मी तिला विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

तर झालं असं. फेब्रुवारीत आमच्या सूनबाई, सविता, एक चकचकीत कागद घेऊन स्वयंपाकघरात आल्या. यवतच्या इंग्लिश शाळेचा फॉर्म! त्यावर टाय लावलेली दोन पोरं, आणि ती पोरं अशी हसत होती की जणू त्यांना कधी गृहपाठच मिळत नाही.

"आत्या, अपेक्षाला जूनपास्नं हिथं घालायचं म्हणतीय. पिवळी गाडी दारात येती."

अपेक्षा म्हणजे माझी नात. वस्तीवरच्या शाळेत तिसरीला. आमच्या घरातली तिसरी फार अवघड. मी तिथंच थांबले होते.

"का? आपल्या शाळंला काय धाड भरलीय?"

"तिथं पहिलीपास्नं कंप्युटर शिकवत्यात. परोग्रामिंग."

"सत्यजीतला इचारलंस?"

माझा मुलगा कारेगावला खोली घेऊन राहतो, कंपनीत आहे. सविता म्हणाली, "इचारलं. म्हणाले, आई म्हणंल तसं."

शहाणा मुलगा! पण इथं गोष्ट एका फॉर्मची नव्हती. आमच्या शाळेत पोरं एकवीस. अपेक्षा पिवळ्या गाडीत बसली की तिच्या मागं सोजरबाईचे दोन नातू बसणार. त्यांच्या मागं वरच्या आळीची चार. मग उरलेल्या पोरांसाठी शाळा कोण चालवतंय? दाराला कुलूप! आणि त्या शाळेची तीन गुंठे जागा आमची. आमच्या ह्यांनी दिलेली. दारातच दगडी पाटी आहे, तिच्यावर ह्यांचं नाव कोरलंय.

काय नाव? ते मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं. पुढं कुणाचं डोहाळजेवण असलं, बायकांनी दार अडवलं, की घेतलं, ते पण उखाण्यातच. पण नुसतं, उघडं, मोकळं नाव? कधीच नाही! बँकेत विचारलं, रेशनच्या दुकानात विचारलं, की मी आधार कार्ड पुढं करते. माझ्या सासूनं घेतलं नाही, मी घेत नाही. तुम्हाला हसू येत असेल तर हसून घ्या. पण इथं कागदावरसुद्धा मी त्या जागी 'अमुक' लिहिणार आहे. समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी तडक शाळेत गेले. आमच्या बाई म्हणजे आसमीन. पंचविशीची पोर. यवतहून स्कूटीवर येते. मी शाळेच्या समितीवर आहे, त्यामुळं मला बघितलं की ती आधी खुर्ची पुसते.

"बाई, आपल्या शाळंत कंप्युटर हाय का न्हाई?"

"आहे ना, आजी."

तिनं कोपऱ्यात बोट दाखवलं. फुलाफुलांचं कापड पांघरून कंप्युटर बसला होता. नव्या नवरीसारखा.

"मग त्यो शिकवत का न्हाई?"

"लाइट नाही, आजी. पण प्रोग्रामिंग शिकायला लाइट कशाला लागते? मी पहिलीपासून सगळ्यांना शिकवते. चला, दाखवते."

अंगणातल्या फरशीवर खडूनं चौकोन आखलेले. एका चौकोनात कूलरचा रिकामा खोका उभा. खोक्याला डोळ्यांसाठी दोन भोकं, बाजूनं हातांसाठी दोन आणि खालून दोन बारके पाय.

"ही शायना," बाई म्हणाल्या. "पहिलीतली. पण आता ती रोबो आहे."

शायना म्हणजे सत्तार मांडववाल्याची लेक. एवढीशी. पण हट्टी अशी, की दोन वर्षांची असताना एकदा 'जेवणार नाही' म्हणाली, तर सत्तारनं तिला पुण्याच्या डॉक्टरकडं नेलं होतं.

"आजी, कंप्युटर म्हणजे काय सांगू? त्याला जेवढं सांगाल तेवढंच करतो. जसं सांगाल तसंच करतो. स्वतःची अक्कल अजिबात वापरत नाही."

"त्यात काय नवल? असा एक माझ्या घरी हाय!"

"मग तुम्हीच द्या ना सूचना."

मी पदर खोचला. अहो, हुकूम देणं हे काय शिकायचं काम आहे?

"शायना, ती खुर्ची जरा बाजूला घे."

खोका जागचा हलला नाही. आतून आवाज आला, "सूचना कळली नाही."

"काय कळलं न्हाई? मराठीतच बोलले ना मी?"

अपेक्षा माझ्याकडं असं बघायला लागली, जशी मी तिच्या आईकडं बघते. "आजी, 'जरा' म्हंजी किती? 'बाजूला' म्हंजी डावीकडं का उजवीकडं? आन् खुर्ची हातानं उचलायची का ढकलायची?"

"आगं, तुझ्या आईला कळतं की बरोबर!"

"आई रोबो न्हाई, आजी."

मी खोचलेला पदर सोडला.

एवढ्यात दुसरंच भांडण पेटलं. पोरांचे चार गट, आणि खोके दोन. एक गट ओरडला 'पुढं', दुसरा ओरडला 'मागं', आणि दोन्ही रोबो मधोमध एकमेकांवर आपटले. बाई म्हणाल्या, "म्हणून आपण आता नियम करू. प्रत्येक रोबोला नाव. आधी नाव घ्यायचं, मग सूचना द्यायची. नाव नसेल तर रोबो ऐकणार नाही. आणि नाव अगदी तेच हवं. कमी नाही, जास्त नाही."

झालं! शायनाच्या खोक्याला काय नाव द्यायचं, यावर एकवीस पोरांची बावीस मतं.

आता इथं मी गप्प बसले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण गप्प बसणं मला जमत असतं, तर मी समितीवर कशाला असते? मी खणखणीत आवाजात म्हणाले, "नाव द्यायचं तर ज्यांनी ह्या शाळंला जागा दिली त्यांचं द्या! ते काय पाटीवर हाय. वाचा!"

पोरांनी वाचलं. मोठ्यानं. एका सुरात. मला असं भरून आलं म्हणून सांगू! दुपारपर्यंत सत्तारनं लाल ऑइलपेंटनं खोक्यावर अक्षरं काढून दिली. वस्ती ह्यांना नावापुढं आबा लावते, पण 'आबा' लिहायला जागा उरली नाही, म्हणून नुसतं नावच.

मी घरी निघाले ती राणीसारखी. बांधावर आमचे हे लसणाला पाणी देत उभे होते. एवढ्यात शाळेतून पोरांचा गलका आला, "अमुक, खाली बस!"

आणि आमचे हे दचकून बांधावर खाली बसले!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आधी नाव, मग सूचना. म्हणजे त्या खोक्याला हुकूम द्यायचा तर... अरे देवा! मी माझ्याच पायात खोडा घालून घेतला होता, आणि वर त्याला ऑइलपेंट दिला होता!

तिकडं बाईंनी तालुक्याच्या साहेबांना बोलावणं धाडलं. शनिवारी कार्यक्रम. पोरं प्रोग्रामिंग करून दाखवणार. सगळ्या पालकांना आमंत्रण. सविता म्हणाली, "ठीक हाय आत्या. मी बघते. पोरांना खरंच काय येत असंल तर अपेक्षा हिथं. न्हाईतर सोमवारी फॉर्म भरते." आणि फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिनं पर्सची चेन लावली ना, तो आवाज माझ्या काळजात झाला.

मी बाईंना गाठलं. "बाई, खोक्याचं नाव बदला."

"का आजी? तुम्हीच तर दिलंत."

"म्हातारपणी माणूस काय बी बोलतं."

बाईंनी पोरांचं मतदान घेतलं. एकवीस विरुद्ध मी. सख्खी नातसुद्धा तिकडं!

शनिवार उजाडला. सत्तारनं अंगणात झकास मांडव घातला. लाल-पिवळं कापड, चार कोपऱ्यांना चार खांब, आणि मधोमध सगळा भार घेतलेला एक खांब. सविता पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर. आमच्या ह्यांना जागा देणारे म्हणून साहेबांच्या शेजारी खुर्ची, अंगावर शाल. शाल घातली की ते नेहमीच तिच्यावर डाग पडेल या भीतीनं श्वास रोखून बसतात. साहेब चष्मा लावून आले होते, आणि हातात वही.

पोरांनी सुरुवात केली. अपेक्षा पुढं झाली. दोन वेण्या, ताठ मान. माझ्यासारखी!

"अमुक, तीन पावलं पुढं."

खोका तीन पावलं पुढं.

"अमुक, उजवीकडं वळ. दोन पावलं पुढं. हात पुढं कर."

खोका वळला, गेला, आणि हातातलं गुलाबाचं फूल बरोबर साहेबांच्या नाकाखाली आलं. टाळ्या! सोजरबाईनं शिट्टी मारली. तिला शिट्टी येते हे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

सविता पुढं सरकून बसली. मी तिच्याकडं बघितलं नाही. फक्त बांगड्या जरा वाजवल्या.

पण साहेब पडले साहेब! चष्मा वर करून म्हणाले, "छान. पण हे पाठांतर वाटतंय मॅडम. मुलीनं पाठ म्हटलं, मुलीनं पाठ ऐकलं. रोबो खरंच सूचनेप्रमाणे चालतो का? एखाद्या पालकानं आयत्या वेळी सूचना देऊन दाखवाव्यात."

आणि सगळ्या मांडवानं एका दमात सांगितलं, "साखरबाई!"

सोजरबाई तर म्हणाली, "साहेब, हुकूम द्यावा तर आमच्या साखरबाईनंच! एसटी थांबवत्यात त्या!"

मी उठले. उठावंच लागलं. पण डोकं चालत होतं. मी अपेक्षाच्या कानाला लागले. "पोरी, सुरुवात तू करून दे. असा हुकूम सोड की एकदाच सांगावं लागंल. सारखं सारखं नाव घ्यायची भानगड नको."

तिचे डोळे चमकले. "तसलं येतं मला आजी! त्याला लूप म्हणत्यात."

"म्हणूंदे काय म्हणायचं ते. सोड!"

शायनाच्या हातात सरबताचा ट्रे दिला. अपेक्षानं छाती फुगवली आणि म्हणाली, "अमुक, थांब म्हणेपर्यंत पुढं चालत राहा!"

खोका निघाला. डावं, उजवं, डावं, उजवं.

"वा!" साहेब म्हणाले. "सुरुवात मुलीनं केली. आता सगळ्या मुलांनी तोंडावर बोट! कुणी बोलायचं नाही. मॅडम, तुम्हीसुद्धा नाही. रोबोला माझ्यासमोर आजी थांबवतील."

वीस पोरांची वीस बोटं तोंडावर. आणि त्यांच्या शेजारी, शाल पांघरून, आमच्या ह्यांचंही बोट तोंडावर!



खोका साहेबांपाशी पोचला. साहेबांनी सरबताचा ग्लास घ्यायला हात पुढं केला. सरबत त्यांच्या बोटांसमोरून निघून गेलं.

"आजी, थांबवा," साहेब म्हणाले.

"आगं ए! थांब!"

"सूचना कळली नाही," खोका म्हणाला आणि रांगोळीतल्या मोरावरून गेला. मोराची मान गेली.

"अहो! ऐकलं का! थांबा जरा!"

"सूचना कळली नाही." हारांचं टेबल आडवं आलं. दोन हार खोक्याच्या गळ्यात पडले, नारळ घरंगळत सविताच्या पायाशी गेला. सविता पर्सला हात घालायला लागली. माझ्या डोळ्यांपुढं पिवळी गाडी आली! तिच्या खिडकीत अपेक्षा, टाय लावलेली!

"सत्यजीतचे वडील, थांबा!"

"सूचना कळली नाही!" आणि खोका जाऊन थडकला तो मांडवाच्या मधल्या खांबाला. ट्रे पडला, सरबत सांडलं. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. पण शायनाला सांगितलं होतं, थांब म्हणेपर्यंत चालत राहा. तिचे बारके पाय जागच्या जागी चालू! डावं, उजवं, डावं, उजवं! प्रत्येक पावलाला खांबाला धक्का, आणि प्रत्येक धक्क्याला मांडव एक वीत खाली!

सत्तार पळत आला आणि पलीकडून खांबाला मिठी मारली. "शायना बेटा, रुक जा! मांडव नया हाय!"

"सूचना कळली नाही, अब्बा!"

"सत्तार, आरं नाव घे की!" सोजरबाई ओरडली.

"कसं घेऊ? आबा समोर बसल्यात! त्यांना एकेरी हाक मारू व्हय?" पण खांब वाकला तसा तो घाईला आला. "अमुक आबा, थांबा!"

"सूचना कळली नाही!" बरोबर आहे. नाव अगदी तेच हवं. 'आबा' जास्त झालं.

आसमीन बाईंनाही राहवलं नाही. उठून ओरडल्या, पण संस्कार आडवे आले. "अमुक आबा, प्लीज थांबा!" स्वतःच केलेला नियम स्वतःच मोडला! खोक्यानं त्यांनाही दाद दिली नाही.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ह्यांच्याकडं बघितलं. स्वतःचं नाव तर माणूस स्वतः घेऊ शकतो ना? पण ह्यांचं बोट तोंडावरून हलेना. आणि बोटामागं, मी शपथेवर सांगते, मिशा हसत होत्या!

मला एकच वाट सुचली. उखाणा! उखाण्यात चालतं! मी पदर डोक्यावर ओढला आणि जागच्या जागी जुळवून म्हणाले,

"मांडवाच्या दारी ताणली सुताची दोरी,
अमुकरावांचं नाव घेते, थांब की गं पोरी!"

बायकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मी सुटकेचा श्वास सोडला.

"सूचना कळली नाही!" डावं, उजवं, डावं, उजवं.

अपेक्षानं तोंडावरचं बोट काढलं. "आजी! क्रम चुकला! नाव मधी आलं! आधी नाव, मग सूचना! आन् 'राव' न्हाई!"

खांब कर्रकन वाजला. सत्तारच्या टाचा मातीत घसरायला लागल्या. खोक्यातून आता शायनाचा आवाज आला, पण रोबोचा नव्हे, पोरीचा. बारीक, रडवेला. "आजी, पाय दुखत्यात... पण सूचना आली न्हाई..."

त्या आवाजानं माझ्यातलं काय तुटलं ते मला ठाऊक नाही. सासू आठवली, तिची सासू आठवली, लग्नातला मांडव आठवला. आणि पंचेचाळीस वर्षं गिळलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"जयसिंग, थांब!"

आता लिहूनच टाकते. वस्तीनं ऐकलंय, हायवेनं ऐकलंय, तुमच्यापासून काय लपवायचं?

खोका थांबला. एक पाय उचललेला, तसाच.

पोरं थांबली. बाई थांबल्या. हायवेवर खरंच एक एसटी थांबली, पण ती थांब्यावरच असावी. आमचे हे खांबाला हात द्यायला खुर्चीतून निम्मे उठले होते, ते निम्मेच थांबले. ना बसलेले, ना उभे! आणि सत्तार? तो इतका दचकला की त्यानं खांबाची मिठीच सोडली.

फक्त मांडव तेवढा थांबला नाही.

लाल-पिवळं कापड सावकाश, अगदी सावकाश, साहेबांवर, सवितावर, सोजरबाईवर आणि सगळ्या शाळेवर येऊन बसलं. अंधार. माझ्या मनात आलं, झालं, गेली शाळा. नाव पण गेलं आणि शाळा पण गेली.

मग त्या कापडाखालून माझ्या नातीचा आवाज आला.

"बाई, चूक शायनाची न्हाई."

"मग कुणाची?" हा साहेबांचा आवाज.

"माझी, सर. मी सूचना अर्धीच दिली. 'समोर काय आडवं आलं तर थांब', असं सांगायला पायजे हुतं. ते मी इसरले. शायनानं सांगितलं तेवढंच केलं. तिनं बरोबर केलं."

मग काहीतरी हलायला लागलं. मला वाटलं, साहेबांना झटका आला. पण साहेब हसत होते! असे हसत होते की कापडाच्या उंचवट्याला गदगदा हिसके बसत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या तालुक्याच्या ऑफिसात चूक झाली की मी विचारतो, कुणाची? आजवर एकानं 'माझी' म्हटलेलं नाही. आणि ही तिसरीतली मुलगी चूक शोधते, स्वतःकडे घेते आणि दुरुस्ती पण सांगते! अजून काय शिकवायचं राहिलं? जरा हे कापड काढा, मला वही दिसत नाहीय."

कापड निघालं. सत्तारनं आधी मांडव बघितला नाही, खोक्यातून लेकीला बाहेर काढून छातीशी धरलं. शायना मात्र तिथूनही माझ्याकडं रोखून बघत होती. "आजी, तुम्हाला आधी का न्हाई आलं? पहिलीच्या पोरांना येतं."

साहेबांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंगची समज उत्तम. पालकांसाठी जादा वर्ग घ्यावा." आणि माझ्याकडं बघितलं. मी नारळ शोधायला लागले.

सविता नारळ हातात घेऊन उभी होती. डोक्यावर पताकेची झालर, पदरावर सरबत. माझं बोलायचं होतं ते सगळं मघाशी बोलून झालं होतं. तिनं पर्स उघडली. फॉर्म काढला. माझं काळीज थांबलं, सूचना न मिळताच.

तिनं फॉर्मनं पदरावरचं सरबत पुसलं. मग बोळा करून मांडवाच्या कचऱ्यात टाकला.

"आत्या," ती म्हणाली, "इंग्लिश शाळंत पोरं कंप्युटरचं ऐकत्यात. आपली पोरं कंप्युटरला ऐकायला लावत्यात. आन्..." ती हसू दाबत म्हणाली, "जी शाळा तुमच्या तोंडून मामांजींचं नाव वदवती, तिथं माझ्या पोरीला काय कमी पडंल?"

सोमवारी सोजरबाईचे दोन्ही नातू शाळेत होते. वरच्या आळीची चारही होती. आणि गंमत म्हणजे, ज्या पिवळ्या गाडीनं आम्हाला धाक घातला होता, तिच्या ड्रायव्हरची मुलगी जूनपासून आमच्याकडं येणार आहे. त्यानं बाईंना येऊन विचारलं म्हणे, "ते नाव घ्यायला शिकवतात, तीच ना ही शाळा?" एकविसाची बावीस! मी ही बातमी सगळ्या वस्तीत स्वतः फिरून सांगितली.

शाळेचं असं सगळं चांगलं झालं. घरचं मात्र बिघडलं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी मी चहा ठेवला. हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"अहो, चहा झालाय."

पेपर हलला नाही.

"अहो! ऐकलं का?"

पेपरामागून शांत आवाज आला, "सूचना कळली न्हाई."

"काय म्हणालात?"

"आधी नाव, मग सूचना. नियम हाय. पंचेचाळीस वर्षं वाट बघितली मी. एवढ्या लवकर इसरू व्हय?"

म्हणजे त्या दिवशी तोंडावरचं बोट का हललं नाही, ते मला आता कळलं! मी तरातरा आत आले. चहावर साय धरली. पुन्हा गरम केला, पुन्हा साय धरली. सविता दळण आणायला गेलेली. अपेक्षा शाळेत, बाईंनी रविवारचं बोलावलेलं. वस्तीवर चिटपाखरू नाही. मी दार लोटलं. खिडकी लोटली. मांजराला बाहेर काढलं. मग कप घेऊन ह्यांच्या अगदी जवळ गेले आणि लग्नातल्यासारखी मान खाली घालून, कुणाला म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"जयसिंग, चहा घ्या."

पेपर खाली आला. डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं, ते मी सांगणार नाही. मिशा मात्र हसत होत्या.

"'घ्या' न्हाई," हे म्हणाले. "'घे.' सूचना अगदी तीच पायजे."

तो चहा मी प्यायले. बिघडलेल्या यंत्राला चहा कशाला?